कर्वेनगरने उपसलेलं धरण

लग्न होऊन दीपमाला कर्वेनगरात आली, त्यानंतरचे तिन्ही पावसाळे उत्तम झाले, आणि तिची सगळी अडचण त्यातूनच उभी राहिली. पुण्यात कशाबद्दलही तक्रार करणारी माणसं मिळतात. पण धरण भरलं म्हणून हिरमुसली होणारी बाई अख्ख्या शहरात एकच असावी, आणि ती त्याच धरणाच्या वीजघरात असिस्टंट इंजिनिअर होती.

तिच्या सासरचं गाव पाण्याखाली होतं. गावाचं नाव आसणवाडी, धरणाचं धारमळ. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला धरण होणार म्हणून सर्व्हेवाले आले, पाणी कुठवर येईल तिथे चुना फासलेले दगड पुरून गेले, आणि गावकऱ्यांनी त्या दगडांना शेळ्या बांधल्या. साहेब म्हणाले, अजून पुष्कळ वेळ आहे. साहेबांच्या पुष्कळला फारसा अर्थ नसतो हे गावाला पावसाळ्यात कळलं. घाईघाईने घरांची लाकडं निघाली, कौलं निघाली, गोठ्यातल्या गव्हाणीसुद्धा निघाल्या. निघाली नाही ती एकटी ग्रामदेवी आसणाई. तिला हलवायचं का, म्हणून कौल लावला, तर तिने फूल डावीकडे टाकलं, म्हणजे नाही. पुन्हा लावला, पुन्हा डावीकडे. सरकारला तोंडावर नाही म्हणण्याची हिंमत साऱ्या गावात तिने एकटीने दाखवली. नव्या वसाहतीत तिच्या देवळासाठी आखलेल्या जागेवर पुढे पिठाची गिरणी झाली.

गाव पांगलं. कुणाला लोणी काळभोरकडे जमीन मिळाली, कुणी वाघोलीच्या बाजूला सरकलं. दीपमालाचे सासरे महिपती कारखान्यात लागले आणि कर्वेनगरात स्थिरावले. पण वैशाख पौर्णिमेची जत्रा कुणी सोडली नाही. उन्हाळ्यात धरण खाली गेलं की आसणाईचं दगडी देऊळ पाण्यातून वर यायचं आणि सगळे चिखल तुडवत तिथे जमायचे. ज्या वर्षी ते वर आलं नाही, त्या वर्षी काठावरूनच नारळ पाण्यात सोडून परत.

प्रथा अशी, की नव्या सुनेने सासूसोबत त्या देवळाचा उंबरा ओलांडायचा आणि देवीची ओटी भरायची. मग ती घरची सून. तोवर पाहुणी. पाहुणीने देवघरात दिवा लावायचा नाही, कुळाचाराचा स्वयंपाक करायचा नाही, नवरात्रात घटाला हात लावायचा नाही. तीन वर्षं धरण काही उंबऱ्याखाली जाईना, त्यामुळे दीपमालाचं पाहुणपणही संपेना.

"लकी आहेस," तिचा नवरा सुदर्शन म्हणायचा. तो हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि जगातल्या कुठल्याही कामातून सुटका म्हणजे फायदाच, असं त्याचं साधं गणित होतं. "माझ्या मावसभावाच्या बायकोला विचार, शंभर पुरणपोळ्या लाटते नवरात्रात."

दीपमालाला पुरणपोळ्यांची हौस होती असं नाही. पण ती अमरावतीची, कॉलेजात सुदर्शनशी जमलेली, आपल्या माणसांतून उठून इतक्या लांब आलेली. सासूबाई, म्हणजे कौशल्याबाई, तिला गरम पोळी वाढायच्या, सर्दी झाली तर काढा करून द्यायच्या, डबा विसरली तर रिक्षाच्या मागे धावायच्या. फक्त हळदीकुंकवाला बायका जमल्या की ओळख करून द्यायच्या ती अशी: "ही आमच्या सुदर्शनची मिसेस." सून हा शब्द जिभेवर येऊ द्यायच्या नाहीत. दीपमालाला ते दर वेळी लागायचं. अमरावतीहून आईचा फोन यायचा, "काय वं, घेतलं का तुले घरात?" आणि तिला विषय बदलावा लागायचा.

त्या वर्षी मात्र उन्हाळा कडक लागला. राज्यात विजेची बोंब होती, गावोगाव भारनियमन चाललं होतं. एका सकाळी पोहे खाता खाता दीपमाला सहज बोलून गेली, "यंदा आमचं मशीन जास्त चालतंय, आई. लोकांनी वीज जास्त वापरली की आम्हाला फोन येतो, मशीन घ्या, म्हणजे चालू करा. मशीन घेतलं की पाणी खाली जातं."

कौशल्याबाईंचा हात कढईवर तसाच राहिला. "म्हणजे वीज वापरली की धरण उतरतं?"

"म्हणजे, तसं म्हटलं तर हो."

तसं म्हटलं तर हो, हे शब्द इंजिनिअर माणसाने घरात वापरू नयेत. दीपमालाला ते उशिरा कळलं.

कौशल्याबाईंची काटकसर सोसायटीत प्रसिद्ध होती. खोलीतून माणूस उठलं की त्यांनी पंखा बंद केलाच. कधी कधी माणूस उठायच्या आधीही. त्या संध्याकाळी दीपमाला ड्यूटीवरून आली तर घर लख्ख उजळलेलं. चारही खोल्यांत पंखे गरगरत होते आणि त्यांच्याखाली कुणी नव्हतं. ऐन मे महिन्यात गिझर चालू होता. टीव्हीवर शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागला होता आणि तो बघायला फक्त सोफा होता. कौशल्याबाई पदर खोचून इस्त्री करत होत्या. घरातले कपडे संपल्यावर त्यांनी शेजारच्या सुशीलाबाईंकडून त्यांचे पडदे मागून आणले होते.

"घरात लग्न आहे म्हणतात," महिपती गॅलरीत पेपर वाचता वाचता म्हणाले. "नवरामुलगा कोण ते अजून मला कळवलेलं नाही."

"आई, हे काय?" दीपमालाने विचारलं.

"देवीला वर काढतेय," कौशल्याबाई म्हणाल्या आणि पडद्याची घडी उलटली.

दीपमालाने समजावून पाहिलं. आपली वीज सरळ धरणातून कर्वेनगरात येत नाही, आई. सोसायटीच्या वरच्या टाकीत जसं दोन-तीन ठिकाणचं पाणी चढतं आणि सगळे नळ तिथूनच भरतात, तसं असतं. राज्यातली सगळी वीज एका जाळ्यात पडते आणि सगळे तिथून घेतात. आपल्या पंख्याने काही होत नाही. शिवाय आम्हाला मनाला येईल तेव्हा मशीन चालवताही येत नाही. खाली पुण्याला किती पाणी हवं, कालव्याला किती हवं, ते पाटबंधारेवाले ठरवतात. तेवढंच आम्ही मशीनमधून सोडतो, आणि कुठल्या वेळेला सोडायचं ते लोड डिस्पॅचवाले फोन करून सांगतात. सकाळी सगळा महाराष्ट्र आंघोळीला बसतो तेव्हा, संध्याकाळी सगळा महाराष्ट्र मालिका बघतो तेव्हा.

कौशल्याबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे टाकी रिकामी केली की पाणी चढवावंच लागतं. बरोबर?"

"हो, पण आपण एका घराने..."

"एका घराने नाही ग. त्याची व्यवस्था केली आहे."

व्यवस्था म्हणजे आसणवाडी ग्रामस्थ मंडळाची बैठक. मंडळाचे अध्यक्ष हिंमतराव वाघोलीहून आले, लोणीहून रंगनाथ आले, कर्वेनगरातले तर होतेच. शाळेच्या हॉलमध्ये कौशल्याबाईंनी विषय मांडला आणि हॉलमधले सगळे दिवे आधी लावून घेतले. आसणाईला वर काढायचं तर प्रत्येक घराने सढळ हाताने वीज वापरायची, असा ठराव झाला. हिंमतरावांनी जाहीर केलं, की वाघोलीतली गावकी आपल्या पाण्याच्या मोटारी दिवसभर चालू ठेवील.

रंगनाथ उठून उभे राहिले. "आमच्याकडं लाईट असतीया कुठं? दिवसभर न्हाई, संध्याकाळी न्हाई. आम्ही जाळायचं काय, चूल?"

हा मुद्दा बिनतोड होता. भारनियमन गावांना, पुणे शहराला तेवढं नाही. म्हणून देवीची जबाबदारी शेवटी कर्वेनगरवर येऊन पडली, आणि कर्वेनगरने तो विडा उचलला. कुणी कूलर घेतला. कुणाच्या मिक्सरमध्ये नुसतं पाणी फिरू लागलं. कौशल्याबाईंनी मुलालाही सोडलं नाही.

"तुमच्या ऑफिसातले कॉम्प्युटर घरी येताना बंद करू नकोस."

"ते बंद कधीच नसतात, आई."

"आणि ए.सी.?"

"तोही चालूच. आम्हाला आत स्वेटर लागतो."

कौशल्याबाईंनी हिंजवडीच्या दिशेने हात जोडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना मुलाच्या नोकरीचा उपयोग कळला.

आणि पाणी खरंच उतरू लागलं. त्याला कारणं होती. शेतीला पाण्याचं आवर्तन चालू होतं, उन्हाने पाणी उडत होतं, आणि राज्यात एवढी टंचाई होती की लोड डिस्पॅचचा फोन वाजायचा थांबत नव्हता. दीपमाला ही कारणं सांगायची आणि सगळे माना डोलवायचे, आणि माना डोलवून झाल्यावर आपापले पंखे वाढवायचे. तिने हात टेकले. रोज सकाळी धरणाच्या भिंतीवरच्या मोजपट्टीवरची पातळी वाचून तिने ती वहीत चढवली, की तिचा मोबाईल वाजायला लागायचा. तिने मीटरमध्ये सांगितलेलं कुणाला नको असायचं. "वहिनी, कळस दिसला का?" मग "छप्पर मोकळं झालं का?" मग "चौकटीला आलं का?" हळूहळू तीही तसंच बोलू लागली. एकदा तर वरिष्ठांच्या फोनवर ती म्हणाली, "सर, आज चौकटीच्या निम्म्यावर आहे," आणि पलीकडून प्रश्न आला, "कुठली चौकट?"

तिच्या हाताखालचे जुने ऑपरेटर भीमराव हे सगळं गालातल्या गालात हसत पाहत होते. "मॅडम, तुमच्या सासूबाईंना आपल्या खात्यात घ्या," ते म्हणाले. "डिमांड वाढवायला इतकं झटणारं माणूस मी नोकरीत पाहिलं नाही."

वैशाख पौर्णिमा म्हणजे बुद्धपौर्णिमाही. भीमरावांनी त्या दिवसाची रजा महिनाभर आधी टाकली होती. त्यांच्या वस्तीत विहारात कार्यक्रम होता, खीरदान होतं, आणि त्यांची नात मैत्री पहिल्यांदाच सगळ्यांसमोर बुद्धवंदना म्हणणार होती. दीपमालाने रजेवर सही केली, त्या वेळी तिच्या लक्षातच आलं नाही की दुसरे इंजिनिअर नेमके नाशिकला ट्रेनिंगला जाणार आहेत. म्हणजे त्या दिवशी दिवसपाळीला वीजघरात ती एकटीच.

भीमरावांनी ते तिच्याआधी ताडलं. "मॅडम, मी येतो पौर्णिमेला. तुम्ही जत्रेला जा. तीन वर्षं झाली, मला माहीत आहे."

दीपमालाच्या तोंडात होय आलं होतं. ते तिने गिळलं. "मैत्रीला काय सांगाल? मॅडमची ओटी होती म्हणून आलो नाही? नाही, भीमराव. रजा मंजूर आहे. देऊळ आधी वर तर येऊ दे, मग मी काहीतरी बघते."

काय बघणार होती ते तिलाही ठाऊक नव्हतं. आणि पौर्णिमा तोंडावर आली तेव्हा बघायची वेळच येणार नाही असं दिसू लागलं, कारण वळीव कोसळला. पुण्यावर ढग आले, गारा पडल्या, हवा गार झाली. लोकांनी ए.सी. बंद केले, पंखे हळू केले, पोरंटोरं रस्त्यावर आली. राज्यातली विजेची मागणी धपकन खाली आली आणि लोड डिस्पॅचने सांगितलं, मशीन थांबवा. शेतीचं आवर्तनही पावसामुळे पुढे ढकललं. देवळाच्या उंबऱ्यावर वीतभर पाणी राहिलं होतं, तिथे ते थांबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीजघराच्या फाटकाशी जीप आली. तिच्यातून हिंमतराव उतरले, रंगनाथ उतरले, आणि मागून कौशल्याबाई. सुरक्षारक्षक बजरंगने दीपमालाला बोलावून आणलं.

"वहिनी," हिंमतराव आवाज उतरवून म्हणाले, "ईतभर पाणी हाय. तुमच्या एका चाकाचं काम. कुनाला कळनार हाय?"

"खाली नदीत कळेल," दीपमाला म्हणाली. "मशीनमधून निघालेलं पाणी नदीत जातं. तिथे बायका धुणं धुतात, गुरं उतरतात, लोकांनी पंप टाकलेत. आज पाणी येणार नाही असं आम्ही सगळ्यांना कळवलंय. माणसं पात्रात निर्धास्त असतील."

"मग भोंगा वाजवा की," रंगनाथ म्हणाले.

"भोंगा वाजवून उगीच सोडलेलं पाणीही उगीचच जातं, काका. पाऊस आज आला, उद्या येईल का ते कुणी सांगावं? पुढे पुण्याला प्यायला हेच लागणार आहे."

कौशल्याबाई आतापर्यंत मागेच उभ्या होत्या. त्या जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुझ्या हातात आहे ना?"

दीपमालाला फार वाईट वाटलं. चाक फिरवावंसं वाटलं, अगदी मनापासून वाटलं; नाही तर आपण इथे परकेच राहणार हे तिला दिसत होतं. "हात माझा आहे, आई," ती म्हणाली. "पाणी माझं नाही."

कौशल्याबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं, मान हलवली आणि जीपमध्ये जाऊन बसल्या. त्या रागावल्या होत्या का, हे दीपमालाला ओळखता आलं नाही. संध्याकाळी ती घरी गेली तर एका स्वयंपाकघराखेरीज घरात सगळीकडे अंधार होता. गिझर बंद, टीव्ही बंद, पंखे बंद. सुशीलाबाईंचे पडदे घडी करून परत गेले होते.

"लग्न मोडलं वाटतं," महिपती म्हणाले, पण त्यांनाही स्वतःच्या विनोदात गोडी वाटली नाही.

पौर्णिमेला सकाळी आकाश स्वच्छ निघालं आणि सूर्य असा काही तापला की वळवाची आठवणही उरली नाही. देऊळ वर येवो न येवो, काठावरून नारळ सोडायला म्हणून सगळे धरणाच्या आतल्या बाजूला निघून गेले. दीपमाला चुडीदारावर ओढणी ठीकठाक करून वीजघरात येऊन बसली. मशीन गार पडलं होतं. भिंतीमागे एवढं पाणी, आणि खाली मशीनच्या हॉलमध्ये चिमणीचा आवाज ऐकू येत होता.

मग फोन वाजला. राज्यात कुठेतरी वीजनिर्मितीचा एक मोठा संच अचानक बंद पडला होता आणि उकाड्याने मागणी चढत चालली होती. "धारमळ, मशीन घ्या," लोड डिस्पॅचचा माणूस म्हणाला. "फुल लोड. बंद सांगेपर्यंत चालू द्या." पाटबंधारेवाल्यांचंही आलं: आवर्तन पुन्हा सुरू, पाणी सोडा. दीपमालाने भोंगा वाजवला, खाली नदीकाठच्या गावांना कळवलं, बजरंगला पात्रात नजर टाकून यायला पाठवलं. पात्रात कुणी नाही अशी खूण करत तो परत आला, तसं तिने मशीन सुरू केलं. आधी खोल कुठेतरी घरघर झाली, मग पायाखालची फरशी थरथरू लागली, मग तो भरलेला, एकसुरी आवाज हॉलभर झाला. तिला हसूही आलं आणि रडूही. देऊळ वर येणार होतं, आणि ते वर यावं म्हणून तिला इथेच बसणं भाग होतं.

थोड्या थोड्या वेळाने सुदर्शनचा फोन यायचा. काठावर रेंज नव्हती. तो एका खडकावर चढून, एक हात वर करून बोलत होता असं त्यानेच सांगितलं.

"चार बोटं राहिलं. लोक पाण्याकडे असे बघतायत जसा दहावीचा निकाल लागलाय."

मग, "दोन बोटं. हिंमतराव म्हणतात देवीच्या मनात आलं. मी म्हटलं लोड डिस्पॅचच्या मनात आलं. ते म्हणाले, तो कोणता देव?"

दुपार कलली तेव्हा तो खडकावरून ओरडलाच, "उंबरा निघाला. कोरडा नाही, पण निघाला." त्याच्या मागे हलगी ऐकू येत होती. मग त्याचा आवाज उतरला. "दीपा, तीन वर्षांच्या सगळ्या सुना रांगेत उभ्या आहेत. तुझं काय करायचं?"

"पुढच्या पाळीचा रिलीव्हर संध्याकाळी येईल. तोवर मी हलू शकत नाही."

"तोवर सगळं आटपेल ग. अंधाराच्या आत इथून निघावं लागतं, चिखल आहे. थांब, आई आत काहीतरी बोलतेय. सगळे ऐकतायत. मी बघून येतो." आणि रेंज गेली.

दीपमालाने मोबाईल टेबलावर ठेवला. मशीनचे आकडे वाचले, लिहिले. पुन्हा वाचले. सगळं ठीक होतं, आणि तिला काहीच ठीक वाटत नव्हतं. पुढच्या वर्षी पावसाळा कसा होईल, त्याच्या पुढच्या वर्षी कसा, आपण नेमक्या कितव्या वर्षी या घरात शिरणार, असले विचार करत ती बसून राहिली.

बजरंग आला. "मॅडम, जीपमधल्या त्या आज्जी परत आल्यात. नारळ घेऊन आत यायचं म्हणतात. मी म्हटलं नारळ चालणार नाही. त्या म्हणतात, मशीनवर फोडणार नाही."

कौशल्याबाई गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेल्या होत्या. नऊवारीचा काठ ओला, हातात ताट, ताटावर खण झाकलेला. जीपवाल्याला पळवत त्या खाली आल्या होत्या. दारातच त्या थबकल्या. इतक्या वर्षांत त्यांनी धरण फक्त आतल्या बाजूने पाहिलं होतं, पाण्याच्या बाजूने. भिंतीच्या या बाजूला त्या एकदाच आल्या होत्या, तेही फाटकापर्यंतच. थरथरत्या फरशीवर त्यांनी एक पाऊल ठेवलं, मग दुसरं.

"हे पाणी तिथलंच का?" त्यांनी विचारलं. आवाजामुळे दीपमालाला वाकून ऐकावं लागलं.

"हो. तिच्या उंबऱ्यावरून उतरलं ते इथूनच गेलं."

कौशल्याबाईंनी मान हलवली. "तुझ्या नावाने देवीची ओटी मी भरून आले. हा प्रसाद. पदर पुढे कर."

"ओढणी आहे, आई."

"चालेल. कर."

दीपमालाने ओढणी पुढे धरली. कौशल्याबाईंनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं, मग ओंजळीने तांदूळ घातले, नारळ ठेवला, खण ठेवला. दीपमालाचे डोळे भरून आले आणि नाक पुसायला हात मोकळा नव्हता. "पण उंबरा ओलांडायला लागतो ना," ती कशीबशी म्हणाली.

"हिंमतरावांनी हेच काढलं. मी म्हटलं, उंबऱ्यावरचं पाणी तिने काढलं. तुम्ही नुसते ओलांडताय." कौशल्याबाई खुर्चीच्या कडेला टेकल्या. "आणखीही बोलले मी. भर गाभाऱ्यात. तुला कुणी सांगितलं नसेल. माझं लग्न झालं त्या वैशाखात माझी ओटी भरली, कोरड्या देवळात. धरणाआधीची ती शेवटचीच. त्याच पावसाळ्यात पाणी आलं. आणि गाव म्हणालं, महिपतीची बायको आली आणि तिच्या मागून पाणी आलं. पांढऱ्या पायाची. गाव बुडालं ते माझ्यामुळे, आणि लोणीत विहिरीला पाणी लागलं नाही तेही माझ्यामुळेच. म्हणून तुला रीतसर उंबऱ्यावरून नेल्याशिवाय सून म्हणायचं नाही, असं ठरवलं होतं मी. मागाहून तुझ्याकडे कुणी बोट दाखवायला नको."

"आई..."

"आज सांगितलं सगळ्यांना. एका सुनेच्या पायगुणाने पाणी आलं म्हणता ना, मग दुसरीच्या पायगुणाने ते उतरलं. मोजायचं तर दोन्ही मोजा."

दीपमालाला राहवलं नाही. तिच्यातला इंजिनिअर अशा वेळीसुद्धा गप्प बसणारा नव्हता. "पण आई, पायगुण नाही हो. मागणी वाढली, एक संच बंद पडला, म्हणून..."

"अगं, कळतं मला ते. आपल्या पंख्यांनी धरण उपसत नाही, हेही कळत होतं. पण नुसतं बसवत नव्हतं." कौशल्याबाई मशीनकडे बघत होत्या. "आणि पाणी माझ्यामुळे आलं नव्हतं, हेही कळत होतं मला. पण तसं सांगणारं कुणी नव्हतं तेव्हा. घरात इंजिनिअर कुठे होतं?"

दीपमालाने ओढणीची टोकं एका हातात गोळा केली आणि दुसऱ्या हाताने सासूचा चिखलाचा हात धरला. "आई, पाणी तुमच्यामुळे आलं नव्हतं," ती म्हणाली. "भिंत पूर्ण झाली, साहेबांनी दरवाजे बंद केले, आणि पाऊस पडला. म्हणून पाणी आलं. तुमच्या पायांचा काही संबंध नव्हता."

कौशल्याबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग कानामागे हात धरून त्या पुढे झुकल्या.

"मशीनचा आवाज फार आहे ग," त्या म्हणाल्या. "परत एकदा सांग."

दीपमालाने परत सांगितलं, या वेळी मोठ्याने, दारात उभ्या बजरंगलाही ऐकू जाईल असं.